बिल्ला क्रमांक सात

१

तिसऱ्या रुग्णवाहिकेचं लॉगबुक गायब असल्याचं सोमवारी दुपारी कळलं आणि मंगळवारी सकाळी टेलिफोनवालीला घरी बसवण्यात आलं. दोन्ही गोष्टींच्या मागे एक मरण होतं, त्यामुळे हा प्रकार किरकोळ आहे असं म्हणायला शहरात कोणी धजावत नव्हतं.

मरण झालं होतं काचकारखान्याच्या मालकांच्या टेकडीवरच्या बागेत. तीस वर्षं त्यांच्याकडे काम करणारा माळी सोमवारी सव्वाअकराला वाफ्यातलं तण काढता काढता छातीवर हात ठेवून खाली बसला. मालकांनी स्वतः सरकारी रुग्णालयाच्या रुग्णवाहिका केंद्राला फोन लावला. टेलिफोनवालीने सांगितलं, त्यांना हलवू नका, गाडी पाठवते. मालकांच्या दारात त्यांची स्वतःची मोटार उभी होती, पण त्यांनी ऐकलं. पहिली गाडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. ती येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली, आणि माळीही गेला.

कारखानदार त्या गाडीमागोमाग रुग्णालयात आले. कागदपत्रं होईपर्यंत ते मागच्या बाजूला येरझाऱ्या घालत होते, तेव्हा नव्या शेडच्या फटीतून त्यांना आत उभी असलेली तिसरी रुग्णवाहिका दिसली. पांढरीशुभ्र, आणि कुशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘मोठ्या मिळकतींवरील वाढीव करातून’. म्हणजे त्यांच्याच पैशांतून. मग त्यांनी जो आवाज चढवला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी त्यांना शांत करत सांगितलं की गाडी केव्हा परत आली ते लॉगबुकात असेल. लॉगबुकं टेलिफोनच्या खोलीतल्या कपाटात राहतात. कपाट उघडलं तर तिसऱ्या गाडीचा कप्पा रिकामा. कपाटाची किल्ली टेलिफोनवालीच्या गळ्यात. गाडी परत आल्याचं तिला माहीत होतं, तिने लक्ष दिलं नाही आणि मग पुरावा लपवला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

नगरसभेच्या अध्यक्षबाईंच्या गळ्याशी आलं होतं. गेल्या वर्षी श्रीमंतांच्या मोठ्या मिळकतींवर जादा कर लावायचा ठराव त्यांनीच जिद्दीने मंजूर करून घेतला होता, तो सरकारी सेवा सुधारायला. तो कर पुढे चालू ठेवायचा की नाही, याचा निर्णय याच शुक्रवारी व्हायचा होता. त्यांनी मापबाईंना बोलावलं.

मापबाई म्हणजे वजन-मापे खात्यातल्या निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानांतले तराजू तपासण्यात गेलेली. शहरातल्या एकाही दुकानदाराने त्यांना कधी प्रेमाने चहा पाजला नव्हता, आणि पाजला असता तर त्यांनी आधी कप मोजला असता. कोणाच्या बाजूच्या नाहीत, हे एवढं त्यांच्याबद्दल सगळ्यांना मान्य होतं. अध्यक्षबाईंनी तीन दिवस दिले. टेलिफोनवाली दोषी ठरली तर शुक्रवारीच तिची नोकरी जाणार होती.

“तिसऱ्या गाडीचा चालक कोण?” मापबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

“रोजंदारीचा आहे. बिल्ला क्रमांक सात. तिथे सगळे त्याला सात नंबरच म्हणतात.”

“मग त्यालाच बोलवा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सात नंबरला सोमवारपासून कोणी पाहिलेलं नव्हतं.

२

टेलिफोनवाली दोन खोल्यांच्या घरात सासू आणि शाळेत जाणाऱ्या मुलीबरोबर राहत होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. मापबाई गेल्या तेव्हा ती एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत बसली होती, आणि सासू दारातून तिच्याकडे बघत होती. नोकरी गेली तर या घरात दुसरा पगार नव्हता. हे कोणी बोललं नाही, पण सासूने पाहुणीला बसायला दिलेल्या खुर्चीचा पाय दोरीने बांधलेला होता आणि मापबाईंना ते पुरेसं होतं.

तिने कामाची पद्धत समजावून सांगितली. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लाकडी बोर्ड होता. तीन गाड्यांचे तीन खिळे. गाडी मोकळी असली की खिळ्यावर चावी. चालक चावी घेतो आणि तिच्या जागी आपला पितळी बिल्ला अडकवून जातो. फोन आला की बोर्डाकडे बघायचं. चावी दिसली तर घंटा वाजवायची, बिल्ला दिसला तर गाडी बाहेर आहे. अंगणात जाऊन बघायला वेळ नसतो, फोन सोडता येत नाही.

सोमवारी बोर्डावर काय होतं, हे तिने न अडखळता सांगितलं. पहिल्या खिळ्यावर बिल्ला, कारण पहिली गाडी गेलेली. दुसरा खिळा रिकामा, कारण दुसऱ्या गाडीचा क्लच गेला होता आणि ती वर्कशॉपमध्ये होती. तिसऱ्या खिळ्यावर बिल्ला क्रमांक सात.

“म्हणजे तुझ्या मते तिसरी गाडी बाहेर होती.”

“बिल्ला होता, बाई. आणि ती गाडी तशीही माझ्याकडे नसतेच. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण न्यायला ती ठेवलीय, ते काम साहेब स्वतः बघतात. मी सकाळी सातला येते तेव्हा बिल्ला लागलेला असतो, संध्याकाळी निघते तेव्हाही असतो.”

लॉगबुकाबद्दल विचारल्यावर ती म्हणाली की तिसऱ्या गाडीचं लॉगबुक तिने कधी हातातही घेतलं नव्हतं. ते अधीक्षकांकडेच असतं असं ती धरून चालली होती. सात नंबर माणूस कसा आहे, तर तिला वाटायचं जरा तुसडा असावा. वर्षभरात खिडकीशी येऊन कधी दोन शब्द बोलला नाही. तरी माणूस वाईट नसणार. जुन्या परिचारिकेच्या निरोपाला सगळ्यांनी वर्गणी काढली तेव्हा त्याची वर्गणी सर्वांत आधी आली होती.

“हातात आणून दिली?”

“साहेबांनी दिली. म्हणाले, माझ्याकडे ठेवून गेलाय.”

मापबाईंनी छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. टेलिफोनवाली तिकडे बघत नव्हती. तिच्या डोक्यात नोकरीपेक्षा दुसरंच काहीतरी घोळत होतं, आणि शेवटी ते बाहेर आलं. तिने त्यांना हलवू नका म्हणून सांगितलं होतं. दारात मोटार होती. ती बोलली नसती तर त्यांनी माळ्याला उचलून आणलं असतं. हे ती तीनदा बोलली, आणि तिसऱ्यांदा तिला शब्द पुरे करता आले नाहीत. मापबाईंना या बाईचं फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं त्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात बसत नसे, म्हणून त्या उठल्या.

“माझ्यावर विश्वास नसेल तर दादाला विचारा,” ती मागून म्हणाली. “दुसऱ्या गाडीचा चालक. तो सगळा वेळ तिथेच होता.”

“तिथेच म्हणजे कुठे?”

“अंगणात. बाकावर बसला होता.”

मापबाई दारातच थबकल्या. एक माणूस मरत होता, आणि एक चालक पन्नास मिनिटं बाकावर बसून होता.

३

दादा पन्नाशीचा, धिप्पाड, आणि बोलण्यात फार काटकसरी. तो त्याच बाकावर भेटला. गाडी वर्कशॉपमध्ये गेली की चालकाने बाकावर बसायचं, हा नियम त्याने केला नव्हता. सोमवारी त्याने फोनची घंटा ऐकली, टेलिफोनवालीचा आवाज ऐकला, खिडकीतून बोर्डही पाहिला.

“गाडी असती तर सहा मिनिटांत पोचलो असतो,” तो म्हणाला. “टेकडीचा रस्ता मला पाठ आहे.”

तिसरी गाडी मागे शेडमध्ये होती, हे त्याला माहीत नव्हतं का? नव्हतं. शेड मुख्य इमारतीच्या मागे, तिला वेगळं फाटक, कायम कुलूप. आणि बोर्डावर दुसऱ्याचा बिल्ला असताना चावी कुठे आहे म्हणून कोणी विचारत नाही. वीस वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. बिल्ला म्हणजे चालकाचा शब्द.

“सात नंबरला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?”

दादाने बराच विचार केला. मग तो थोडा खजील झाला. “पाहिलं असं नाही. त्याच्या आणि माझ्या पाळ्या जुळत नाहीत. पण असतो तो. बिल्ला रोज असतो ना.”

तिथून मापबाई टेकडीवर कारखानदारांकडे गेल्या. नोकरीत असताना त्यांनी या माणसाचे काटे अकरा वेळा तपासले होते आणि एकदाही ग्रॅमचा फरक सापडला नव्हता. अशी माणसं त्यांना आवडत नसत, कारण तपासायला काही उरत नाही, पण त्यांचा आदर वाटे. कारखानदार व्हरांड्यात बसले होते. समोर अर्धा निंदलेला वाफा होता आणि खुरपं अजून तिथेच पडलं होतं. ते उचलायचं नाही असं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं.

माळ्याबद्दल ते दोनच वाक्यं बोलले आणि तोंड फिरवून बसले. कराबद्दल मात्र भरभरून बोलले. कर त्यांनी पहिल्याच महिन्यात, पूर्ण भरला होता. शुक्रवारी ते त्याच्या विरोधात बोलणार होते, आणि सभेत त्यांचा शब्द चालत असे. सरकारी खात्याला पैसा देणं म्हणजे फुटक्या पिंपात पाणी ओतणं, हे त्यांचं मत आता पक्कं झालं होतं.

“खोटा माणूस दाखवून कोणीतरी वर्षभर पगार खाल्लाय,” ते म्हणाले. “मला हीच भीती होती. म्हणून तर गेल्या वर्षी मी अट घालायला लावली. आमचा पैसा पगारात जाणार नाही. वस्तू घ्या, डोळ्यांना दिसेल अशी.”

ही शंका मापबाईंच्याही मनात सकाळपासून होती. वर्गणीचा प्रकार ऐकल्यापासून त्यांना अधीक्षकांच्या खिशाचा वास येत होता. त्या सरळ पगाराच्या कचेरीत गेल्या आणि बिल्ला क्रमांक सातच्या नावावर वर्षभरात किती रक्कम गेली ते बघायला मागितलं. कारकुनाने दोन वेळा पानं उलटली.

काहीच गेली नव्हती. ना पगार, ना भत्ता, ना रोजंदारी. सात नंबर वर्षभर फुकट काम करत होता.

४

बुधवारी रात्री मापबाईंना नीट झोप लागली नाही, आणि गुरुवारी सकाळी त्या थोरल्या बहिणीवर उगाचच करवादल्या. दोघी एकत्र राहत. ताईंचं मत असं, की ज्यांच्याकडे ढीगभर आहे त्यांच्याकडून घ्यावं आणि रुग्णालयाला द्यावं, यात तीन दिवस डोकं खाजवण्यासारखं काय आहे?

“तू निवृत्त झालीस तेव्हा मला शिवणयंत्र आणलंस,” ताई म्हणाल्या. “मी नको म्हणाले का? देणाऱ्याने द्यावं.”

शिवणयंत्र खिडकीशी होतं. मापबाई बशी हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. ताईंना सुईत दोरा ओवता येत नाही, त्याला तीन वर्षं झाली. यंत्राच्या पायडलवर कंपनीने चिकटवलेला पातळ कागद अजून तसाच होता. मापबाईंनी चहा अर्धा टाकला आणि पायात चपला सरकवल्या.

रुग्णालयात त्यांनी आधी बोर्ड पाहिला. सोमवारपासून त्यातला तिसरा खिळा होता तसा ठेवायचा हुकूम होता. बिल्ला क्रमांक सात त्यांनी खिळ्यावरून काढून हातात घेतला. वरची कड हाताळून हाताळून चकचकीत झालेली. मग उलटा केला. मागे शर्टाला लावायची टाचणी होती आणि तिच्यावर बिल्ला बनवताना लावलेलं मेण जसंच्या तसं होतं. त्यांनी दादाचा बिल्ला मागून घेतला. त्याची टाचणी वाकडी, काळी पडलेली, मागचं पितळ शर्टाला घासून गुळगुळीत. दोन्ही बिल्ले त्यांनी शेजारी ठेवले आणि वहीत लिहिलं.

मग कपाट. लॉगबुकांचे कप्पे हिरव्या रंगाने रंगवलेले. पहिल्या दोन कप्प्यांच्या तळाचा रंग वह्या सरकवून सरकवून उडालेला, खालचं लाकूड दिसत होतं. तिसऱ्याच्या तळाला एक ओरखडाही नव्हता.

शेवटी शेड. अधीक्षकांनी कुलूप काढून दिलं आणि काही काम आठवून ते निघून गेले. मापबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि गुडघे टेकून चाकाशी बसल्या. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. रस्त्यावर चार दिवस पळलं की झिजून जातात. या टायरच्या कडेला आणि मध्येही ते इतके दाट होते की त्यांनी बोट फिरवलं तर गुदगुल्या झाल्या. आतल्या काट्यावर गाडी किती चालली त्याचा आकडा होता. अडतीस किलोमीटर. ही गाडी जिथून विकत घेतली ते गोदाम महामार्गावर कुठे आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिथला मोठा वजनकाटा त्यांनीच दरवर्षी तपासला होता. इथून बरोबर अडतीस किलोमीटर.

गाडी गोदामातून निघाली, शेडमध्ये आली आणि थांबली. एका वर्षात ती एका माणसालाही घेऊन गेली नव्हती.

म्हणजे लॉगबुक चोरीला गेलंच नव्हतं, कारण ते कधी नव्हतंच. तो बिल्ला कोणी कधी अंगावर लावला नव्हता, कारण सात नंबर नावाचा माणूसही नव्हता. पण बिल्ल्याची कड चकचकीत होती. कोणीतरी तो वर्षभर, रोज, टेलिफोनवाली यायच्या आधी खिळ्यावर अडकवत होतं आणि ती गेल्यावर काढत होतं. एक छदामही न मिळवता.

बाहेर पडून त्यांनी आणखी एक माप घेतलं. दादाच्या बाकापासून शेडच्या दारापर्यंत त्या स्वतः चालल्या, पावलं मोजत. मग परत मोजत आल्या, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही.

५

अधीक्षकांची खोली नीटनेटकी होती. टेबलावर दोन पेनं, एक घंटी आणि कागदांचा एकच गठ्ठा. मापबाईंनी बिल्ला क्रमांक सात त्यांच्यासमोर उलटा ठेवला. मेण लागलेली टाचणी वर.

“वर्गणी तुम्ही भरलीत, तिथे मला पहिली शंका आली,” त्या म्हणाल्या. “पगार खायला खोटा माणूस करणारा त्याची वर्गणी खिशातून भरत नाही. नाही भरली तर कोणी विचारणार नव्हतं. तुम्ही भरलीत, कारण तुम्हाला तो खरा वाटायला हवा होता. बिल्ले देणारे तुम्ही, गाडीचं काम बघणारे तुम्ही, शेडची किल्ली तुमच्याकडे. फक्त कशासाठी, हे मला कळत नाही.”

अधीक्षकांनी बिल्ला बाजूला सारला. मग त्यांनी गठ्ठ्यातून तीन पत्रं काढून दिली. तिन्ही त्यांनीच लिहिलेली, गाडीला चालक द्या म्हणून. तिन्हींवर एकच उत्तर. वाढीव करातून पगार देता येत नाही, तशी अट आहे. आणि जुन्या निधीत जागा नाही.

दुसरीही एक अट होती. नवी वस्तू सहा महिने वापराविना पडून राहिली तर परत घेऊन लिलावात काढायची. तेव्हा त्यांना वाटलं, गाडी एकदा गेली की पुन्हा येणार नाही. चालक आज नाही, पुढच्या वर्षी मिळेल. तोवर गाडी टिकवायची. म्हणून त्यांनी एक बिल्ला काढला आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने अडकवला. अहवालात तिसरी गाडी चालू दिसत राहिली. अध्यक्षबाई खूश होत्या. करामुळे सेवा सुधारली, असं त्या भाषणात सांगत.

“मी एक पैसा घेतला नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे. ते मी तपासलं. पण कप्पा रिकामा सापडला तेव्हा तुम्हाला खरं माहीत होतं. ती पोर घरी गेली आणि तुम्ही गप्प बसलात.”

त्यांनी टेबलावरची दोन पेनं एका रेषेत लावली. भला माणूस होता. रुग्णालयासाठी त्याने बारा वर्षं घासली होती, आणि त्याच रुग्णालयासाठी त्याने एका विधवेला बळी दिलं होतं. मापबाईंना त्याचा राग आला, आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या जास्तच कोरड्या आवाजात बोलल्या.

“सोमवारी सकाळी बिल्ला लावलात तेव्हा दुसरी गाडी वर्कशॉपमध्ये आहे, हे लक्षात होतं?”

“नाही.” अधीक्षकांनी मान वर केली. “त्याचा काय संबंध?”

त्यांच्या चेहऱ्यावरून मापबाईंना कळलं की त्यांनी हा विचार खरंच केलेला नव्हता. मापबाईंनी तो तिथे सांगितला नाही. “उद्या सभेत या,” एवढंच म्हणाल्या.

६

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. टेलिफोनवाली शेवटच्या रांगेत सासूशेजारी बसली होती. कारखानदार पहिल्या रांगेत, हातात भाषणाचा कागद. अधीक्षक भिंतीला टेकून उभे होते, खुर्ची रिकामी असूनही.

मापबाईंनी वही उघडली आणि एकेक गोष्ट सांगितली. मेण, हिरवा रंग, टायरचे केस, अडतीस किलोमीटर. सात नंबर कधी नव्हता, हे ऐकल्यावर कुजबुज झाली. दादाने कपाळाला हात लावला. वर्षभर तो एका नसलेल्या माणसाच्या भिडेखातर त्या चावीकडे फिरकला नव्हता.

“म्हणजे चोरी झालीच,” कारखानदार म्हणाले. “आमच्या पैशांची.”

“नाही. तुमचा पैसा पूर्ण आला आणि पूर्ण खर्च झाला. गाडीची किंमत मी बाजारात विचारली, रुपया इकडेतिकडे नाही. तुम्ही वस्तू मागितली होती, डोळ्यांना दिसेल अशी. ती तुम्हाला सोमवारी फटीतून दिसली.”

कारखानदारांचा चेहरा उतरला. पण मापबाईंना अजून एक माप सांगायचं होतं आणि ते त्यांनी सगळ्यांत हळू सांगितलं. सोमवारी सव्वाअकराला या केंद्रात एक चालक होता, त्याला गाडी नव्हती. एक गाडी होती, तिला चालक नव्हता. दोघांमध्ये बेचाळीस पावलांचं अंतर. खिळ्यावर त्या वेळी चावी असती, तर टेलिफोनवालीने घंटा वाजवली असती आणि दादा सहा मिनिटांत टेकडीवर पोचला असता. पण खिळ्यावर बिल्ला होता. गाडी टिकवण्यासाठी लावलेला.

अधीक्षक भिंतीवरून सरकत खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ते उठले, आणि मापबाईंनी काही म्हणायच्या आत सगळं आपण केलं, टेलिफोनवालीचा यात काडीचाही दोष नाही, असं मोठ्याने सांगितलं. त्यांचा आवाज चिरकला तरी ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं की मग हा कर उपयोगाचा आहे की नाही, एवढं तरी निरीक्षकबाईंनी सांगावं. स्वतःची बाजू लंगडी पडल्याचं त्यांना कळलं होतं.

“मी तराजू तपासते, अध्यक्षबाई. कराने गाडी आली, हे खरं. गाडीने माणूस वाचला नाही, हेही खरं. कर नसता तर गाडीही नसती. मधे एक माणूस हवा होता, आणि तो घ्यायचा नाही असं इथेच ठरलं होतं. ती अट घालताना तुमचाही हात वर होता. नंतर अहवालावर तुम्ही खूश होतात. शेडपर्यंत चालत गेला नाहीत.”

कारखानदार उठले. भाषणाचा कागद त्यांनी खिशात घातला. “अट माझी होती,” ते म्हणाले. “माणसाला दिलेला पैसा दिसत नाही, असं मला वाटायचं. तीस वर्षं मी एका माणसाला पगार देत होतो. बाग दिसत होती मला.”

ते खाली बसले. कराला विरोध करायला त्या दिवशी दुसरं कोणी उठलं नाही. कर राहिला आणि अट गेली, पण सात मतांच्याच फरकाने, आणि बाहेर पडताना बरेच जण कुरकुरत होते की आता पगारांना अंत राहणार नाही. त्यांचंही अगदीच चूक आहे असं मापबाईंना वाटलं नाही. ते पुढच्या वर्षी मोजावं लागणार होतं.

७

चालकाची जागा भरायला दोन महिने तरी लागणार होते. तोवर शेडचं कुलूप काढून टाकायचं, तिसऱ्या खिळ्यावर उघडी चावी ठेवायची आणि गाडी आहे पण माणूस नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू द्यायचं, असं मापबाईंनी लेखी देऊन ठेवलं. अधीक्षकांवर चौकशी बसली. चौकशीला जाण्याआधी ते टेलिफोनवालीच्या घरी गेले होते. काय बोलले ते तिने कोणाला सांगितलं नाही. सासूने एवढंच सांगितलं की त्यांनी चहा घेतला नाही.

सोमवारी टेलिफोनवाली पुन्हा टेबलाशी बसली. मापबाई तिच्या मागे खिडकीजवळ उभ्या होत्या. सह्या घ्यायचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे त्यांना बघायचं होतं की ती फोन उचलते की नाही. सकाळपासून दोन वेळा तिचा हात फोनपर्यंत जाऊन अडखळला होता.

साडेदहाला पुन्हा फोन वाजला, आणि तिने तो उचलला. पहिली गाडी बाहेर होती. दुसरी अजून वर्कशॉपमध्ये होती. पलीकडून एक बाई घाईघाईने सांगत होती की तिचे वडील पायऱ्यांवर पडलेत, बोलत नाहीत, शेजाऱ्याच्या गाडीत घालून आणू का?

टेलिफोनवालीने बोर्डाकडे पाहिलं. तिसऱ्या खिळ्यावर चावी होती. तिने घंटेचं बटण दाबलं. दादा आत आला, त्याने चावी काढली, स्वतःचा वाकड्या टाचणीचा बिल्ला खिळ्यावर अडकवला आणि एक शब्द न बोलता मागच्या दाराने गेला. ती फोन कानाशी धरून गप्प होती. पलीकडची बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. मापबाई मनात पावलं मोजत होत्या. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. मागून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि पांढरी गाडी खिडकीसमोरून फाटकाकडे गेली.

“हलवू नका त्यांना,” टेलिफोनवाली म्हणाली. “गाडी निघाली आहे. मला दिसतेय.”